उन्हात वाळलेलं खाद्य

या, असे जवळ सरकून बसा. स्वतःच्या पुतण्याच्या मत्स्यबीज केंद्रात राबणाऱ्या एका काकूंची चूक सांगतो. हसत घरी गेला नाहीत तर मला बोल लावा.

काकू माशांच्या पिल्लांसाठी हार्मोन घातलेलं खाद्य मळायच्या. तीन आठवडे ते खाल्लं की पिल्लं नरच होतात, आणि अंड्यांत ताकद न घालवता भराभर वाढतात. पण हवेचा पंप बंद पडला आणि पुढच्या पिल्लांसाठी वेगळ्या ठेवलेल्या साऱ्या माद्या मेल्या. ही जात दुसरीकडे कुठेच नव्हती. मालक असलेला पुतण्या म्हणाला, "शेवटचं वजन करू, काकू; मग कुलूपच." कोपऱ्यातल्या टाकीतले मासे मात्र लहानमोठे निघाले. एक तर अगदी किडकिडीत, तोंड घट्ट मिटलेला. काकूंनी तो पाण्याच्या मगात सोडला, तर तोंडातून पिल्लांचा लोंढा बाहेर! या जातीत आईच पिल्लं तोंडात जपते. "नरांच्या टाकीत लेकुरवाळी?" पुतण्या किंचाळला. काकूंनी जीभ चावली. "त्या टाकीचं खाद्य मी सावलीऐवजी उन्हात वाळवलं रे. औषधाचा जोर उतरला असणार. तू रागावशील म्हणून बोलले नाही." "रागावू? जाळी टाक, अजून असतील!"

त्या दुपारी आणखी अकरा माद्या सापडल्या, आणि पुतण्याने ओल्या हातांनीच काकूंना उचलून गरकन फिरवलं. माझं मागणं एवढंच: पिल्लं तोंडात सांभाळताना ती किडकिडीत आई दाणाही गिळत नव्हती. पुढचा घास घ्याल तेव्हा तिची आठवण ठेवा.