चाड्यावरची मूठ

आदी ऐक की, मधी बोलू नको. मुरगूडचा आपला प्रसेनजीत हाय न्हवं, त्यानं आयटीआयच्या सुट्टीत पेरणीयंत्र बनवलतं. वरसानुवरसं पेरायच्या कुरीमागं चालत, तिच्या नळ्यांवरल्या चाड्यात मुठीनं बी सोडून त्याच्या आईचं, ललिताकाकूचं, मनगाट पार गेलतं. म्हणून यंत्रात मुठीच्या जागी, बियाच्या पेटीत खाचांचा लाकडी रूळ. चाक फिरलं की साखळीनं रूळ फिरायचा आन सोयाबीनचा दाणा नळीत पडायचा.

पयल्या पेरणीला काकू बांधावर बसली. "म्हातारे, आता नुसती बघत बस," म्हणत प्रसेनजीतनं बैलं हाकली. बी झ्याक पडत हुतं.

मी बी संगं चालत हुतो, सहज काकूकडं बघितलं. तिची रिकामी मूठ उघडत हुती, मिटत हुती. दाणा पडला की उघडायची.

"सवय जाईना व्हय गं?" प्रसेनजीत हसला.

"सवय न्हाय रं," काकू म्हणाली. "थांबव ते. माझा हात थांबंना झालाय."

त्यानं बैलं सोडली. साखळीबी काढली. तरी रूळ फिरतोय, दाणं पडत्यात, आन तिकडं मूठ चाललीया. काकू दुसऱ्या हातानं ती दाबून धरतीया, रडतीया.

"ओढून काढ त्यो रूळ!" प्रसेनजीत माझ्यावर वरडला.

मी पेटीत हात घालून रूळ घट्ट धरला. लाकूड गरम हुतं गड्या, आन आत नाडी उडत हुती.

"सोड रं!" काकू किंचाळली. "माझं मनगाट!"

प्रसेनजीत म्हणतोय ओढ, काकू म्हणती सोड. सांग की, तू काय केलं असतंस?