खालचा स्क्रू

"आणि बिघडला तर?" नरेंद्ररावांनी तिसऱ्यांदा विचारलं.

तुकोगंजातल्या त्या दुकानात काउंटरवर तीन वस्तू मांडल्या होत्या. एक लॅपटॉप, पडद्यातच सगळं सामावलेला एक ऑल-इन-वन, आणि कडेला एक रिकामा काळा डबा. त्या डब्यात सुटे भाग बसवले की डेस्कटॉप तयार होणार होता.

"अंकलजी, बिगड़ेगा ही नी," दुकानदार लॅपटॉपवर हात ठेवून म्हणाला. "और बिगड़ा तो तीन साल की वारंटी. एक फोन करो, कंपनी का आदमी घर आके सुधार जाएगा. घरवालों को हाथ भी नी लगाना पड़ेगा."

नरेंद्ररावांना नेमकं तेच नको होतं.

"कीबोर्ड बारीक आहे," ते म्हणाले.

सून मोनाली हसली. "बाबा, तुम्ही दोन बोटांनी टाइप करता. बारीक काय नि मोठा काय! मग हा ऑल-इन-वन घ्या ना. वायरींचं झंझटच नाही."

नरेंद्ररावांनी ऑल-इन-वन फिरवून पाहिला. पाठ एकसंध गुळगुळीत होती. एक स्क्रू दिसेल तर शपथ.

 त्यांचा मुलगा सुगत रिकाम्या डब्याचं झाकण काढून आत पाहत होता. दोन हजार एक साली तो याच रस्त्यावरच्या एका दुकानात असाच उभा होता, बारावीचा निकाल खिशात घेऊन. तो पहिला कॉम्प्युटर रिक्षातून घरी आला. मॉनिटर नरेंद्ररावांच्या मांडीवर, डबा सुगतच्या. सुदामा नगरच्या गल्लीतल्या बायका बघायला दारात आल्या होत्या. सुगतच्या आईने, पंचशीलाबाईंनी, जांभळ्या साडीचं कव्हर शिवलं, आणि त्या खोलीबाहेर चपला काढायचा नियम झाला. माउस कसा सरकवायचा ते सुगतने वडिलांचा हात हातात धरून शिकवलं. मोठा झाल्यावर मुलाने आपला हात धरण्याची ती त्यांची पहिलीच वेळ. पुढे डबे बदलले, मॉनिटर बदलले. कव्हर तेच राहिलं.

सहा वर्षांपूर्वी सुगतने वीज कंपनीतली पक्की नोकरी सोडली आणि मित्रांबरोबर सॉफ्टवेअरचं काम सुरू केलं. नरेंद्रराव त्या दिवशी म्हणाले होते, "यापुढे काही काम असेल तरच या घरी यायचं."

नरेंद्ररावांचे वडील दगडूबाबा महूच्या छावणीत सुभेदार होते. त्यांच्या घरात हुकूम मोडला जात नसे. ज्याने दिला त्यानेच तो मागे घ्यायचा. नरेंद्ररावांना तो मागे घेता आला नाही. सुगतने तो मोडला नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅट घेतला आणि चार महिने फिरकला नाही.

मग एके रविवारी घरचा कॉम्प्युटर बंद पडला. खरोखरच पडला. पंचशीलाबाईंनी फोन केला. सुगत आला, डबा उघडला, चिमटे उघडून रॅमची पट्टी खाचेतून काढली, पुसली आणि परत बसवली. दहा मिनिटांचं काम. तो जेवून, दुपारी डुलकी काढून, संध्याकाळचा चहा घेऊन गेला.

नरेंद्ररावांची चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. कार्ड खाचेतून केसभर वर आलं की लाइन मुकी होते, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. तेव्हापासून दर तीनेक आठवड्यांनी, शनिवारी पंचशीलाबाई भाजीला गेल्या की ते स्क्रूड्रायव्हर काढत. रविवारी सुगत येई. कधी कधी तर त्यांनी हात लावायच्या आधीच कॉम्प्युटर बंद पडे. जुना झालाय बिचारा, असं म्हणून ते त्याच्यावर मायेने हात फिरवत.

मागच्या आठवड्यात मात्र मदरबोर्डच जळाला.

"असेंबलच घेऊ," सुगत त्या काळ्या डब्यावर हात ठेवून दुकानात अखेर बोलला.

"देख लो भिया," दुकानदार म्हणाला, "हर पार्ट की वारंटी अलग. कंपनी का आदमी घर नी आएगा."

"चलेगा. मैं देख लूँगा."

"कमाल आहे!" मोनाली म्हणाली. "सगळ्या दुनियेला तूच लॅपटॉप घ्या म्हणून सांगत फिरतोस."

"दुनियेची गोष्ट वेगळी. बाबांना मोठी अक्षरं लागतात."

नरेंद्ररावांनी घाईने मान डोलावली. "हो, हो. डोळ्यांना त्रास होतो." पोराने आपलं काम सोपं केलं, असं त्यांना वाटलं.

रविवारी दुपारी सुगतने घरीच सगळे भाग जोडले. कॉम्प्युटर चालू करून दाखवला, बंद केला. पंचशीलाबाईंनी जांभळं कव्हर आणून वर धरलं. "बघा, बरोब्बर बसतंय!"

"आई, आता चहा टाक. वायरी बांधल्या की झालं."

दूध संपलं होतं. नरेंद्रराव कोपऱ्यावरून पिशवी घेऊन आले तोवर डबा बंद झाला होता. त्यांनी वाकून पाहिलं.

"खालचा स्क्रू सैलच ठेवलास."

"राहू द्या. पुढच्या वेळी उघडायला सोपं जातं."

"अर्धवट काम करायची सवय काही गेली नाही तुझी."

सुगत नुसता हसला. निघताना स्कूटरवर बसून म्हणाला, "बिघडला तर दुकानात फोन करू नका, बाबा. मला करा."

"नवा कोरा आहे. बिघडतोय कशाला?" नरेंद्रराव म्हणाले. दुसरंही काही म्हणता आलं असतं. तोवर मोनाली मागे बसली आणि स्कूटर वळली.

"चला," पंचशीलाबाई म्हणाल्या, "आता दोन वर्षं तरी बघायला नको." आणि त्या शेजारी वाटी परत द्यायला गेल्या.

दोन वर्षं. नरेंद्रराव भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे राहिले. नवीन वस्तू लगेच बिघडली तर संशय येईल. निदान महिनाभर थांबायला हवं. तरी त्यांनी ड्रॉवरमधून स्क्रूड्रायव्हर काढला.

कव्हर बाजूला केलं. वरचा स्क्रू फिरवला. खालचा बोटानेच निघाला. झाकण सरकवून त्यांनी सवयीने अंगठा रॅमच्या चिमट्याकडे नेला.

दोन्ही चिमटे आधीच उघडलेले होते आणि पट्टी खाचेतून केसभर वर उचलून ठेवलेली होती.