हुंकार देणारी डबी

"आई, मेन स्विचवरचा हात काढा," सून म्हणाली.

"का? माझ्या हातानं वीज बाटते?"

"लाकूड कापायचं यंत्र माझ्या नव्या डबीनं थांबवलं की तुम्ही, ते कळायला नको?"

सासू हलली नाही. मुलगा लाकूड कापायला उभा राहिला की ती मेन स्विचखाली स्टूल टाकून बसे आणि सारखी ओरडे, "आहेस का रे?" पलीकडून "आहे" आलं नाही तर खटकन वीज बंद. परवा यंत्र चालवणारा कॉम्प्युटर गोठला, पातं मात्र फिरतच राहिलं आणि "आहे"च्या जागी "आई गं!" आलं. मुलाची बाही गेली, हात तेवढा वाचला. सुनेनं बनवलेली पहिली डबी तेव्हा लावलेली होती. कॉम्प्युटरकडून येणाऱ्या तारेत वीज दिसत होती, म्हणून ती डबी खुशाल गप्प बसली.

"हिचं काय निराळं?"

"हिला नुसती वीज चालत नाही. कॉम्प्युटरनं ती सतत चालू-बंद करत राहायला हवं, गोष्ट ऐकणाऱ्यानं हुंकार द्यावा तशी. तोवर आतला वीज साठवणारा कपॅसिटर भरलेला राहतो. हुंकार थांबला की तो रिता होतो आणि पात्याची वीज तुटते."

"आणि मेला कॉम्प्युटर डोळे उघडे ठेवून झोपला तर?"

"तरी तुटते. मागच्या वेळी तेच विसरले होते."

"विसरायला ते काय चुलीवरचं दूध होतं?"

पण सासूनं हात काढला. काढून मांडीखाली दाबला. एरवी तो ऐकणारा नव्हता.

मुलानं फळी लावली आणि तो लांब जाऊन उभा राहिला. पातं फळीत शिरलं. सुनेनं कॉम्प्युटर मुद्दाम गोठवला. पडद्यावरचे आकडे थिजले. तारेत वीज असल्याचं दाखवणारा दिवा तसाच लख्ख. सासूची मांडी हलली.

डबीतून आवाज आला, टक्.

पात्याची किंकाळी उतरत उतरत विझली. फळी अर्धीच चिरलेली.

मुलगा आपल्याच हाताकडे बघून हसला. सासूनं मांडीखालचा हात काढून झटकला. त्याला मुंग्या आल्या होत्या.

"हं. कान आहेत हिला," ती म्हणाली आणि स्टूल उचलून स्वयंपाकघरात गेली. कित्येक दिवसांनी तिथे बसून निवांत भाजी निवडू लागली.

बाहेर पातं पुन्हा सुरू झालं. आतून हाक आली, "आहेस का गं?"

"आहे, आई," सून म्हणाली.

"तू असशीलच. मी डबीला विचारतेय."