चाकाखालचा दगड

पुंडलिकनगरातल्या बद्रीनाथकाकांच्या बावीस वर्षांच्या मोटारीला पाचोडहून राजकुमार नावाचं गिऱ्हाईक आलं. आजारी आईला दर आठवड्याला शहरातल्या दवाखान्यात आणायचं, एवढीच त्याची नड होती.

"ब्रेक कसेत, काका?"

"एकदम कडक! आईला पाळण्यात बसल्यावानी वाटंल," असं म्हणून काका चक्कर मारून दाखवायला स्वतःच चालवायला बसले. तीनदा दाबल्याशिवाय ब्रेक लागत नसे. त्यामुळे खाली त्यांचा पाय शिलाई मशीन चालवत होता आणि वर तोंड पाऊसपाण्याच्या गप्पा मारत होतं.

चक्कर बिनबोभाट पार पडली. घरासमोरच्या उतारावर काकांनी सवयीनं हॉर्न वाजवला. त्याबरोबर काकू, त्याही सवयीनंच, पिठाच्या हातानं धावत आल्या आणि मागच्या चाकाखाली दगड सरकवून मोकळ्या झाल्या.

"उतरा भाऊ आता बिनघोर," त्या राजकुमारला म्हणाल्या.

"काकू, हे दगडाचं रोजचंच का?"

"व्हय की! मला तर हे सहा महिने झालं गाडीत बसूच देत नायत. म्हणतात, ब्रेकचा भरवसा नाय, तू आपली रिक्षानं जा. लई जपतात मला!"

राजकुमारनं काकांकडे पाहिलं. "आईला मागं बसवणार होतो, काका," तो हळूच म्हणाला.

काका खाली वाकले आणि चाकाखालचा दगड नीट करू लागले. दगड नीटच होता.