नाव, गाव, फोटो

"फोटो छापता येणार नाही," वकील दीपा चौगुले म्हणाल्या. "नाव नाही, गाव नाही. काहीच नाही."

समोर बसलेल्या बायडाबाईंचा चेहरा उतरला. सकाळच्या एसटीनं त्या कोडोलीहून राजारामपुरीतल्या दीपांच्या ऑफिसात आल्या होत्या. बरोबर आठवीतली नात होती, संघप्रिया. पुस्तकाच्या करारावर सही करायच्या आधी तो वकिलाला दाखवायचा होता.

"का वं बाई? फोटो तर पायजेच की. चांगला मोठा, पुढच्या पानावर."

दीपांनी पुस्तकाच्या हस्तलिखिताच्या वहीचं पहिलं पान पुन्हा उघडलं. 'मी नऊ वर्षांची आहे. उजाडायच्या आधी वीटभट्टीवर जाते. डोक्यावर सहा विटा. मुकादम मला नावानं हाक मारत नाही. ए पोरी म्हणतो.'

"हे अक्षर हिचं?"

"व्हय. मोत्यागत हाय न्हवं? दिवाळीपासनं ह्योच उद्योग. शाळंतनं आली की वही काढून बसती."

संघप्रिया लाजून हसली. पोर खुशीत होती, तिला कशाची कल्पनाच दिसत नव्हती. दीपांना आजीचा राग आला, पण त्यांनी आवाज चढवला नाही.

"आजी, नीट ऐका. मी कॉलेजात होते तेव्हा पेपरात भट्टीवरच्या पोरांचे फोटो यायचे, नावगावासकट. लोक हळहळायचे आणि पान उलटायचे. पण पोराला शाळेत तेच नाव चिकटायचं, भट्टीवालं. छापू का, असं कुणी त्याला विचारायचंही नाही. मग कायदे बदलत गेले. आता अशा मुलाची ओळख पटेल असं काही छापायचं नाही. पेपरात नाही, पुस्तकात नाही. छापलं तर तुरुंग आहे."

"लई चांगलं झालं," बायडाबाई मनापासून म्हणाल्या. "हे आधीच पायजे हुतं."

"मग फोटोचा हट्ट कशाला?"

"भट्टीवर कुणी नावानं हाक मारली न्हाय, बाई. आता पुस्तकावर नाव पायजे. पुरतं, बापाच्या नावासकट."

दीपांनी करार पुढं ओढला. वर 'उंबरा प्रकाशन' आणि एक मोबाईल नंबर, खाली सह्यांच्या जागा कोऱ्या. कलमं मात्र विचित्र होती. 'लेखिकेला विचारल्याशिवाय एक ओळही बदलणार नाही. लेखिका दमली तर काम थांबेल. पुस्तक कधीही मागं घ्यायचा हक्क लेखिकेचाच.'

इतकं गोड लिहिणाऱ्या माणसाचा दीपांना भरवसा वाटेना.

"आणखी एक. अठरा वर्षांखालच्या मुलाची सही करारावर चालत नाही."

आता संघप्रियाचं हसू मावळलं. तिनं आजीकडं पाहिलं.

"अजिबात न्हाय?" बायडाबाईंनी विचारलं.

"अजिबात नाही. असा करार कायद्यात टिकतच नाही. तुमच्या प्रकाशकांना एवढंही माहीत नाही?"

"त्येनीच सांगितलं की, आधी वकिलाला दाखवा म्हणून. तुमचं नाव बी त्येनीच हुडकलं."

"हुशार आहेत! वकिलानं पाहिलं म्हणून सांगायला मोकळे. एका शाळकरी पोरीकडून महिनोन्महिने लिहून घ्यायचं, तिचं दुःख तिच्या फोटोसकट विकायचं, आणि कलमं ही अशी! बघतेच मी त्यांच्याकडं."

त्यांनी मोबाईल उचलला आणि करारावरचा नंबर लावला.

"अवो बाई, ऐका तरी," बायडाबाई म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. पदर तोंडाला लावून त्या गदगदा हसत होत्या.

टेबलापलीकडं, बायडाबाईंच्या पिशवीत, फोन वाजायला लागला.

दीपा मोबाईल कानाला लावून तशाच थबकल्या.

"उचल गं," बायडाबाई नातीला म्हणाल्या. "तुझाच हाय."

संघप्रियानं फोन काढला, ताठ बसली आणि घसा साफ केला.

"नमस्कार, उंबरा प्रकाशन. मी प्रकाशक संघप्रिया कांबळे बोलतेय. आमच्या लेखिका तुमच्यासमोरच बसल्यात, मॅडम. वय वर्षं एकाहत्तर."