वारा अंगावर घेऊ नको

शर्यतीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तळेगावहून सायकली सुटल्या, तेव्हा दोन दिवसांच्या एकूण वेळेत ज्योतीराम चाळीस सेकंद पुढे होता. आता चाकण, भोसरी, आणि पिंपरीत कंपनीच्या गेटवर शेवट.

जिंकला तर पर्मनंट. साहेबांनी शब्द दिला होता. सात महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा गेटवर ताटकळायचं, यातच गड्याची तीन वर्षं गेली होती. सुमन, त्याची बायको, पोटुशी होती. पुढचा ब्रेक येत्या सोमवारी होता.

धास्ती एकाचीच. दुसऱ्या नंबरावरचा निघोज्याचा अजीज, पंक्चर काढणारा. त्याला ना कंपनी, ना टीम.

टीम लागते कशाला, यावर कँटीनमध्ये चिक्कार वाद झाला होता. "पाय माझेच ना?" ज्योतीराम म्हणाला होता.

"पाय तुझेच. पण तुझ्यापुढं राहून वारा कोण खाणार?" भिमाजीनं विचारलं. भिमाजी त्याच्या शेजारच्या लेथवरचा, जुना माणूस. कुणी सांगायच्या आधीच त्यानं स्वतःचं आणि खात्यातल्या आणखी तिघांचं नाव टीममध्ये देऊन टाकलं.

ज्योतीरामच्या दमाबद्दल कुणाला शंका नव्हतीच. चार महिन्यांपूर्वी फोरमन उद्धवराव स्टॉपवॉच घेऊन त्याच्या लेथमागं उभे राहिले, तेव्हा बाकीचे पाळीला चाळीस नग काढत असताना यानं बावन्न काढून दाखवले. साहेब बेहद्द खूश. पुढच्या महिन्यापासून अख्ख्या खात्यालाच पाळीला बावन्नचा आकडा बांधून दिला. तेच उद्धवराव तेच घड्याळ घेऊन आज गेटवर बसले होते.

चाकणच्या अलीकडे अजीज एकटाच सुटला.

"जाऊ का मागं?" ज्योतीरामनं विचारलं.

"थांब. एकटा हाय, दमंल," पुढून भिमाजी म्हणाला. "तू वारा अंगावर घेऊ नको."

भिमाजी आणि एक जण पुढे, एक उजवीकडे, एक मागे. डावीकडे चर. वाऱ्याची झुळूकही लागत नव्हती. टीम असावी तर अशी, असं ज्योतीरामला मनापासून वाटलं. उगाच कँटीनमध्ये तोंड वाजवलं आपण.

चाकण गेलं. अजीज ठिपक्याएवढा झाला.

"आता सोडा मला, भिमाजीभाऊ."

"भोसरीला सोडतो. पाय राखून ठेव."

भोसरी आली. अजीज दिसेनासाच झाला. ज्योतीरामनं उजवीकडून निघायला हँडल वळवलं, तर शेजारच्याचं हँडल आडवं आलं. मागं सरला, तर मागच्याचं चाक टेकलं. चौघेही एका लयीत, निवांत पायडल मारत होते.

गेटवर अजीजच्या गळ्यात हार पडलेला होता. ज्योतीराम पोचला, उद्धवरावांनी घड्याळ दाबलं. अजीजच्या दोन मिनिटं दहा सेकंद मागे; चाळीस सेकंदांची आघाडी बुडाली होती.

ज्योतीराम सायकल टाकून फुटपाथवर बसला. डोळ्यांपुढे सोमवार होता. भिमाजी शेजारी येऊन टेकला आणि पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली.

"दमलास?"

"नाही ना," ज्योतीराम म्हणाला. "जरासुद्धा दमलो नाही मी."

"आमी दमतो," भिमाजी म्हणाला. "रोज. बावन्न नग काढून."