तिसऱ्या दिवशीचा रिपोर्ट

आमच्या बेटावर चाचणीची सोय नाही. नाकातला नमुना बोटीने पलीकडच्या मोठ्या इस्पितळात जातो. रिपोर्ट नमुना दिल्यापासून दोनच दिवस चालतो आणि आमच्या हातात पडतो तिसऱ्या दिवशी. चालू रिपोर्ट नसेल तर बोटीत पाय ठेवू देत नाहीत.

बायको त्याच इस्पितळात होती. रोज फोनवर विचारायची, "निघालात का?"

"मी नाही, पण माझं नाक पोचलंय. बघ, तुझ्या खालीच आहे, तळमजल्यावर."

"मग त्यालाच पाठवा वर. तुमच्या घोरण्याशिवाय झोप लागत नाही मला मेली."

आज सकाळी मी पुन्हा नमुना देऊन आलो. चहा टाकला, तेवढ्यात इस्पितळातून फोन आला. गॅस बंद करून तसाच धक्क्यावर गेलो. रोज हुज्जत घालणाऱ्या तिकीटवाल्याला फोनचं सांगितलं. आज त्याने काही मागितलं नाही.

"बसा, काका. अंत्यविधीला जाणाऱ्यांना चाचणीची अट नाही."

बोटीत नमुन्यांच्या डब्याशेजारी जागा होती, तिथे बसलो. माझा सकाळचा नमुनाही त्याच डब्यात होता. या वेळी आम्ही बरोबरच निघालो.